मात्रा दुप्पट झाली, लघवी कमी झाली नाही : अतिक्रियाशील मूत्राशयावरील औषधाचे एक प्रकरण

वय ६९ वर्षे, वजन ५८ किलो, स्त्री रुग्ण. वारंवार लघवी, लघवीची अनावर घाई, गेल्या काही महिन्यांतला विसराळूपणा आणि रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना एकदा पडणे, अशा तक्रारींसह ही रुग्ण औषधांच्या फेरतपासणीसाठी आली. मूत्राशयासाठीच्या गोळीची मात्रा दुप्पट करूनही लघवी कमी होत नाही, म्हणून आता आणखी कोणते औषध जोडावे, असा प्रश्न सोबतच्या पत्रात विचारलेला होता. पुढील वर्णन कोणा एका व्यक्तीचे नाही. अशा रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण अभ्यासासाठी मांडले आहे.

सुरुवातीचे निदान आणि उपचार

दहा महिन्यांपूर्वी या बाईंना दिवसा १२ वेळा आणि रात्री ३ वेळा लघवीला जावे लागत होते. कळ आली की थांबवणे अशक्य व्हायचे आणि आठवड्यातून चार-पाच वेळा पोहोचण्याआधीच कपडे ओले व्हायचे. जंतुसंसर्ग किंवा दुसरा उघड आजार नसताना अचानक आणि टाळता न येणारी घाई होणे हे अतिक्रियाशील मूत्राशयाचे मुख्य लक्षण आहे. वारंवारता, रात्री उठावे लागणे आणि गळती ही त्याच्या जोडीने येणारी लक्षणे होत. २००२ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर निश्चित झालेली व्याख्याही घाईलाच केंद्रस्थानी ठेवते. या बाईंच्या लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग नव्हता, रक्तातील साखर ठीक होती आणि लघवी झाल्यानंतर मूत्राशयात उरणारी लघवी सोनोग्राफीत अवघी ३० मिलिलीटर भरली. त्या वेळच्या डॉक्टरांनी तीन दिवसांची नोंदवहीही लिहून घेतली होती, ही मोठीच जमेची बाजू. त्या नोंदीप्रमाणे चोवीस तासांत १५ वेळा मिळून सुमारे १६५० मिलिलीटर लघवी होत होती, म्हणजे एका वेळेला सरासरी ११० मिलिलीटर.

सोलिफेनासिन ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, असे औषध सुरू झाले. सहा आठवड्यांनी खेपा १५ वरून ११ वर आल्या, एका खेपेचे प्रमाण १५० मिलिलीटरपर्यंत वाढले आणि गळती आठवड्यातून एखाद्या वेळेवर आली. माझ्या मते हे यश पुरेसे होते. या आजारात औषधाचे काम त्रास सुसह्य करणे हे असते, आणि तेवढे काम त्या गोळीने केले होते.

चौथ्या महिन्यात खेपा पुन्हा १५ झाल्या. या वेळी नोंदवही लिहून घेतली गेली नाही. 'किती वेळा जावे लागते?' एवढेच विचारले गेले, आणि उत्तर ऐकून मात्रा १० मिलिग्रॅम करण्यात आली. त्यानंतर खेपा तर कमी झाल्या नाहीतच, पण शौचाला चार-चार दिवस होईनासे झाले, संध्याकाळनंतर बोलण्यात गोंधळ दिसू लागला आणि नवव्या महिन्यात त्या रात्री तोल जाऊन पडल्या. सुदैवाने हाड मोडले नाही. घरच्यांना स्मृतिभ्रंशाची शंका आली आणि त्यासाठी डोनेपेझिल सुरू करण्याचा विचार चालू असताना हे प्रकरण फेरतपासणीसाठी आले.

पिशवीतल्या गोळ्या

फेरतपासणीला येताना घरात असतील तेवढी सगळी औषधे, मग ती चिठ्ठीवरची असोत वा नसोत, पिशवीत भरून आणायला सांगितले होते. चिठ्ठीवर तीन औषधे होती: सोलिफेनासिन १०, रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन १० आणि पायांची आग व झोप यांसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली अॅमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅमची रात्रीची गोळी. ही शेवटची गोळी मूत्राशयाचे औषध सुरू झाल्यानंतर दोन महिन्यांनी आलेली होती. पिशवीच्या तळाशी मात्र सर्दीच्या गोळ्यांची एक अर्धवट वापरलेली पट्टी निघाली. तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत क्लोरफेनिरामीन हे नाव छापलेले होते. सकाळी नाक वाहते म्हणून बाई ती गोळी काही महिन्यांपासून रोज झोपताना घेत होत्या, आणि ती 'औषधात मोडते' असे त्यांना किंवा घरच्यांना वाटले नव्हते. म्हणून ती कोणत्याही कागदावर नव्हती.

त्यांच्या सूनबाईंनी या वेळी सहज म्हणून जे सांगितले, त्याने प्रकरणाचा रोख बदलला. "आईंचं तोंड सारखं कोरडं पडतं. हातात पाण्याची बाटली असतेच. रात्री उशाशी लिटरभराची भरून ठेवते, सकाळपर्यंत ती रिकामी झालेली असते." बाईंनी स्वतः तोंडाच्या कोरडीची तक्रार कधीच केली नव्हती, कारण ती वयामुळे आहे असे त्या धरून चालल्या होत्या.

नोंदवही पुन्हा लिहिली तेव्हा

तीन दिवसांची नवी नोंदवही लिहून आणायला सांगितली. पद्धत साधी आहे: मापाचे भांडे घ्यायचे, प्रत्येक वेळची लघवी मोजायची, वेळ लिहायची आणि प्यायलेले पाणी, चहा, कॉफी जे असेल ते शेजारच्या रकान्यात टिपायचे. कळ किती जोराची होती आणि कपडे ओले झाले का, हेही लिहायचे.

खेपा १५ च होत्या, दहा महिन्यांपूर्वीइतक्याच. पण एकूण लघवी १६५० नव्हती, ती ३००० मिलिलीटर होती, आणि एका वेळचे सरासरी प्रमाण ११० ऐवजी २०० मिलिलीटर झाले होते. याचा अर्थ असा की मूत्राशय आधीपेक्षा जवळजवळ दुप्पट लघवी धरून ठेवत होते. औषध आपले काम करत होते. पण मूत्राशयात येणारी लघवीच तितकी वाढली होती, त्यामुळे खेपांचा आकडा हलत नव्हता आणि बाहेरून पाहणाऱ्याला औषध निकामी वाटत होते. चोवीस तासांत शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिलीटरपेक्षा जास्त लघवी झाली तर ती अतिरिक्त समजतात. या बाईंच्या बाबतीत ही मर्यादा २३२० मिलिलीटर येते, आणि त्या तिच्या बऱ्याच पुढे गेल्या होत्या. साखर आणि कॅल्शियम पुन्हा तपासले, दोन्ही योग्य पातळीवर होते. लघवी वाढण्याचे कारण पाण्याच्या बाटलीत होते, आणि बाटली हातात येण्याचे कारण गोळीत होते.

रात्रीच्या तीन खेपा आणि सकाळची पहिली, अशा चार वेळांची लघवी मिळून १०८० मिलिलीटर भरली, म्हणजे एकूण लघवीच्या ३६ टक्के. उतारवयात हे प्रमाण ३३ टक्क्यांवर गेले की रात्री लघवी जादा तयार होते असे धरतात. उशाशी ठेवलेले पाणी हे त्याचे एक कारण. दुसरे कारण पाय तपासताना दिसले: दोन्ही घोट्यांवर बोट दाबले की खळगा राहत होता. अॅम्लोडिपिनमुळे, विशेषतः १० मिलिग्रॅमच्या मात्रेला, पायांवर अशी सूज येऊ शकते. दिवसभर पायांत साठलेला द्रव आडवे झाल्यावर रक्तात परततो आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. मूत्राशयाच्या कोणत्याही गोळीने ही लघवी कमी होणारी नाही.

तपासणीत आणखी दोन गोष्टी आढळल्या. गुदाशयात कठीण मळ साठलेला होता, आणि लघवीनंतर उरणारी लघवी ३० वरून १९० मिलिलीटरवर गेली होती. सोलिफेनासिन आणि अॅमिट्रिप्टिलिन या दोन्हींमुळे हृदयाच्या विद्युत आलेखातील एक मध्यंतर लांबू शकते, म्हणून ईसीजी काढला. तो ठीक होता. स्मरणशक्तीच्या ३० गुणांच्या चाचणीत त्यांना २२ गुण मिळाले.

हे असे का घडते

मूत्राशयाच्या भिंतीतला स्नायू आकुंचन पावतो तो प्रामुख्याने अॅसिटिलकोलीन या रासायनिक निरोप्यामुळे. हा निरोप स्नायूवरच्या मस्कॅरिनिक ग्राहकांवर, म्हणजे तो झेलणाऱ्या रेणूंवर, पोहोचतो. संख्येने त्यांतले एम-२ प्रकारचे जास्त असले, तरी आकुंचनाचे मुख्य काम एम-३ प्रकारचे ग्राहक करतात. ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनासिन, डॅरिफेनासिन, ट्रॉस्पियम, फेसोटेरोडिन ही सगळी औषधे हा निरोप अडवतात. अडचण एवढीच की हेच ग्राहक लाळग्रंथींत, आतड्यांत आणि डोळ्यांतही आहेत, आणि मेंदूत स्मरणाच्या कामाशी जोडलेले एम-१ ग्राहक आहेत. कोरडे तोंड, बद्धकोष्ठता, धूसर दिसणे, अरुंद कोनाच्या काचबिंदूत डोळ्याचा दाब वाढणे, लघवी तुंबणे आणि गोंधळलेपण हे सगळे त्या एकाच क्रियेचे परिणाम आहेत. जे औषध मूत्राशयाला शांत करते तेच लाळ आटवते.

सोलिफेनासिनच्या नोंदणीसाठी झालेल्या चाचण्यांतले आकडे या प्रकरणात डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहेत. निष्क्रिय गोळी, म्हणजे तुलनेसाठी दिलेली औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांत कोरड्या तोंडाचे प्रमाण ४.२ टक्के होते, ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत १०.९ टक्के आणि १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत २७.६ टक्के. बद्धकोष्ठता याच क्रमाने २.९, ५.४ आणि १३.४ टक्के होती. मात्रा दुप्पट झाली की हे दोन्ही त्रास दुपटीहून अधिक वाढतात. घाई आणि खेपा यांच्यात मिळणारा जादा फायदा मात्र त्या मानाने लहान असतो. मात्रा वाढवणे चूकच, असा याचा अर्थ नाही. काही रुग्णांना १० मिलिग्रॅमचा खरोखर उपयोग होतो. पण वाढवण्यापूर्वी तोंड, शौच, डोळे आणि पाणी यांविषयी विचारायलाच हवे, आणि नोंदवहीशिवाय तर ती वाढवूच नये, असे माझे ठाम मत आहे.

या बाईंना नुसती एक गोळी भोवली नाही. अॅमिट्रिप्टिलिन आणि क्लोरफेनिरामीन ही दोन्ही औषधे मूत्राशयासाठी दिली जात नसली तरी अॅसिटिलकोलीन अडवण्यात चांगलीच प्रभावी आहेत. तिन्हींचा भार एकाच शरीरावर, एकाच ग्राहकांवर पडत होता. चौथ्या महिन्यात खेपा का वाढल्या, याचे उत्तर इथे मिळते: तोपर्यंत मूत्राशयाची मात्रा ५ मिलिग्रॅमच होती, पण रात्रीची गोळी आणि सर्दीची गोळी मिळून तोंड कोरडे पाडू लागल्या होत्या. कोरड आली म्हणून पाणी वाढले, पाणी वाढले म्हणून लघवी वाढली, लघवी वाढली म्हणून मूत्राशयाची मात्रा वाढवली गेली आणि तिने कोरड आणखी वाढवली. बद्धकोष्ठतेनेही याला हातभार लावला, कारण भरलेले गुदाशय शेजारच्या मूत्राशयावर दाब देते आणि घाई वाढवते. एकेक दुष्परिणाम मूळ आजाराचा वेष घेऊन पुढे येत होता.

डोनेपेझिल त्या क्षणी सुरू झाले असते तर काय झाले असते, याचा विचार अस्वस्थ करणारा आहे. ते औषध मेंदूतील अॅसिटिलकोलीन टिकवून धरते, तर या बाईंची तीन औषधे त्याचाच मार्ग अडवत होती. शिवाय डोनेपेझिलमुळे काहींना लघवीची घाई आणि गळती होते, ती दिसल्यावर मूत्राशयाची मात्रा पुन्हा वाढवली गेली असती.

केलेले बदल

सर्व औषधे एकदम बंद केली नाहीत. सोलिफेनासिन आणि सर्दीची गोळी लगेच थांबवली. सोलिफेनासिनचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला ४५ ते ६८ तास लागतात, म्हणून तिचा परिणाम पूर्ण ओसरायला साधारण दोन आठवडे जातील, तोवर चटकन फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये, हे घरच्यांना आधीच समजावून सांगितले. अॅमिट्रिप्टिलिन आधी १० मिलिग्रॅमवर आणून मग थांबवली. नाकासाठी मिठाच्या पाण्याचा फवारा पुरला. अॅम्लोडिपिन त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कमी करून सोबत दुसऱ्या गटातले औषध दिले, आणि घोट्यांची सूज उतरली. मळ मऊ करणारी पावडर सुरू केली. पाण्याबाबत 'कमी प्या' एवढेच सांगून भागत नाही, कारण कोरड खरी असते. म्हणून तोंड ओलसर ठेवण्यासाठी छोटे घोट, साखर नसलेले च्युइंग गम आणि दिवसभरात दीड लिटरच्या आसपास पाणी असे ठरवले, उशाशी पेलाभरच ठेवायचे ठरले. लाळ कमी झाली की दात लवकर किडतात, म्हणून दंतवैद्याकडेही पाठवले.

याच काळात मूत्राशयाला वळण लावण्याचा सराव सुरू झाला. कळ आली की धावायचे नाही. जिथे आहोत तिथे उभे राहायचे किंवा बसायचे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडायचे, कळ ओसरू द्यायची आणि मग शांतपणे चालत जायचे. धावताना घाई वाढते आणि उतारवयात पडण्याची भीतीही असते. सुरुवातीला तासातासाने आणि जमेल तसे अंतर वाढवत ठरल्या वेळी जायचे. या सरावाला अनेकदा 'करून पाहा' म्हणून वाटेला लावले जाते, ते योग्य नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १९७ वयस्कर महिलांचे तीन गट केले होते. स्नायूंवरील नियंत्रण शिकवणाऱ्या उपचाराने गळती सरासरी ८०.७ टक्क्यांनी कमी झाली, ऑक्सिब्युटिनिनने ६८.५ टक्क्यांनी आणि निष्क्रिय गोळीने ३९.४ टक्क्यांनी. नीट शिकवून, मागोवा घेऊन केलेल्या सरावाची ताकद एवढी असते.

सहा आठवड्यांनंतरच्या नोंदवहीत एकूण लघवी १५६० मिलिलीटर आणि खेपा १२ होत्या. उरणारी लघवी ३५ मिलिलीटरवर आली. शौच दिवसाआड होऊ लागले. संध्याकाळचा गोंधळ थांबल्याचे सूनबाईंनी सांगितले आणि स्मरणशक्तीच्या चाचणीत २६ गुण मिळाले. घाई मात्र संपली नव्हती, आठवड्यातून तीनदा गळती होत होती. मूळ आजार तर होताच.

त्यासाठी मिराबेग्रॉन २५ मिलिग्रॅम निवडले. हे औषध २०११ साली जपानमध्ये प्रथम मान्य झाले. ते अॅसिटिलकोलीनला हात लावत नाही, मूत्राशयाच्या स्नायूवरील बीटा-३ ग्राहकांना चेतवून मूत्राशय भरत असताना स्नायू सैल ठेवते. त्यामुळे कोरडे तोंड निष्क्रिय गोळीइतपतच आढळते. पण ते निर्धोक आहे असे समजून चालू नये. त्याने रक्तदाब वाढू शकतो. या आजाराच्या रुग्णांत सरासरी वाढ अर्धा ते एक मिलिमीटर एवढीच असली तरी सरासरीत एखाद्याची मोठी वाढ झाकली जाते, आणि नियंत्रणात नसलेल्या तीव्र रक्तदाबात, म्हणजे १८०/११० किंवा त्याहून अधिक असताना, ते देत नाहीत. मेटोप्रोलोलसारख्या काही औषधांचे रक्तातील प्रमाण ते वाढवते. मूत्रमार्गात अडथळा असणाऱ्यांत, किंवा सोलिफेनासिनसारख्या औषधासोबत घेतल्यास, लघवी तुंबू शकते. गोळी चावायची किंवा फोडायची नसते. आणि परिणाम दिसायला आठ आठवड्यांपर्यंत थांबावे लागते, हे न सांगितल्यास रुग्ण तिसऱ्या आठवड्यातच ती सोडून देतो.

आठ आठवड्यांनी खेपा ९ झाल्या, एका वेळचे प्रमाण १७० मिलिलीटर, रात्री एकदा उठणे आणि गळती पंधरवड्यातून एखाद्या वेळी. रक्तदाब १३४/८० वरून १४०/८२ झाला, म्हणून तो घरी मोजून लिहून ठेवायला सांगितले आणि मात्रा ५० मिलिग्रॅमवर नेली नाही.

स्मृतिभ्रंशाच्या प्रश्नाबद्दल

'आईंचा विसराळूपणा गोळीमुळेच होता का?' हे मुलाने विचारले, आणि या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवे. औषधे थांबल्यावर गोंधळ ओसरला, म्हणजे त्यात औषधांचा वाटा असण्याची शक्यता दाट आहे. पण चाचणीची सवय झाल्यानेही गुण थोडे वाढतात, आणि २६ गुणांवरून पुढच्या वर्षांची ग्वाही देता येत नाही. दीर्घकाळच्या वापराविषयी दोन मोठे अभ्यास वारंवार पुढे येतात. २०१५ साली ६५ वर्षांवरील ३४३४ जणांच्या पाहणीत अॅसिटिलकोलीन अडवणारी औषधे सर्वाधिक प्रमाणात घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका न घेणाऱ्यांच्या सुमारे १.५४ पट आढळला. २०१९ साली ब्रिटनमधील ५८,७६९ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सुमारे सव्वादोन लाख इतरांशी तुलना झाली, तीत मूत्राशयासाठीच्या या गटाचा दीर्घ वापर असणाऱ्यांत हे प्रमाण १.६५ पट होते. दोन्ही निरीक्षणे आहेत, त्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. स्मृतिभ्रंशाच्या आरंभीच मूत्राशय बिघडते आणि म्हणून औषध दिले जाते, असेही असू शकते. तरीही वृद्धांसाठीच्या अमेरिकेतील बीअर्स निकषांत स्मृतिभ्रंश किंवा गोंधळ असलेल्यांना ही औषधे टाळावीत असे सांगितले आहे, आणि पर्याय उपलब्ध असताना तो सल्ला मानण्यात शहाणपण आहे. मुलाला एवढेच सांगितले की सहा महिन्यांनी चाचणी पुन्हा करू. दरम्यान डोनेपेझिलची गरज दिसत नाही.

मिराबेग्रॉन पुरेसे ठरले नाही, किंवा रक्तदाब चढतच गेला, तर पुढचे मार्ग बाईंशी आताच बोलून ठेवले आहेत. घोट्याजवळच्या टिबियल नसेला सौम्य विद्युत उत्तेजन देण्याचा उपचार साधारण १२ आठवडे, दर आठवड्याला अर्धा तास चालतो आणि त्यात लाळ, आतडी वा स्मरण यांना धक्का लागत नाही. बोटुलिनम विषाचे १०० एकक मूत्राशयाच्या भिंतीत टोचण्याचा उपाय अधिक प्रभावी आहे, पण त्यानंतर काही जणांना लघवी काढण्यासाठी काही काळ स्वतः नळी घालावी लागते, आणि एकदा १९० मिलिलीटर उरल्याचा इतिहास असलेल्या या बाईंनी तो निर्णय नळी घालण्याची तयारी आहे का हे ठरवूनच घ्यायचा आहे. सध्या त्यांना टिबियल नसेचा पर्याय पसंत आहे. त्यांच्या कागदांवर पहिल्याच पानावर कोणत्या गटातली औषधे सर्दीसाठी, झोपेसाठी किंवा चक्करेसाठी द्यायची नाहीत त्यांची नावे लिहिली आहेत, आणि नवी नोंदवही पुढच्या भेटीच्या आधीचे तीन दिवस भरून आणायची आहे.